बर्लिनमधला पहिला दिवस : गटाने जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी

अभ्यास सहलीचा कार्यक्रम ठरतो तो कॉलेजात, नकाशा समोर ठेवून. नकाशावर सगळंच हाकेच्या अंतरावर दिसतं. म्हणून पहिल्याच दिवशी तीन संग्रहालयं, बर्लिनची भिंत, संसद आणि संध्याकाळी खरेदी असा बेत कागदावर आरामात बसतो. प्रत्यक्षात गटातली निम्मी मुलं झोपेत असतात, दोघांच्या मोबाइलला नेट नसतं आणि एकाला नेमकी रस्त्याच्या मध्यावर आल्यावर लघवीला लागलेली असते.

माझं मत विचाराल तर पहिल्या दिवशी एकच रस्ता धरावा, तो पायी चालावा आणि तिकीट काढून कुठल्याही संग्रहालयात शिरू नये. बर्लिनला असा रस्ता आयताच मिळतो. अलेक्झांडरप्लाट्झपासून ब्रांडेनबुर्ग गेटपर्यंत जेमतेम अडीच किलोमीटर, जवळजवळ सरळ. प्रशियाचे राजे, नाझी राजवट, कम्युनिस्ट पूर्व जर्मनी आणि आजचं एकत्र जर्मनी हे सगळं त्या एका रस्त्यावर भेटतं. तो नीट पाहिला की पुढच्या दिवसांत मुलं जे काही पाहतील, ते कुठे ठेवायचं हे त्यांना कळतं.

घरून निघण्याआधी

राइखस्टागच्या, म्हणजे संसदेच्या, काचेच्या घुमटात जायला पैसे लागत नाहीत, पण नोंदणी आधी करावी लागते, तीही प्रत्येकाच्या नाव आणि जन्मतारखेसह. पासपोर्टवर आहे तसंच्या तसं नाव द्या. वडिलांचं नाव एका ठिकाणी आहे आणि दुसऱ्या ठिकाणी नाही, हा आपला नेहमीचा घोळ इथे नको. मोठ्या गटाला एकच वेळ हवी असेल तर काही आठवडे आधी अर्ज टाका आणि पहिल्या दिवसाची दुपारी उशिराची वेळ मागा. ती का, ते पुढे येईल.

खाण्याच्या पिशवीत चिवडा, चकल्या, कोरडी शेंगदाण्याची चटणी खुशाल भरा. पेढे, बर्फी, पनीर, तूप मात्र घरीच ठेवा. युरोपीय संघाबाहेरून येताना सामानात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. आजीला वाईट वाटेल, पण कस्टम्सवाला त्याहून वाईट.

आता एक नाजूक गोष्ट, जी निघण्याच्या आदल्या बैठकीत सगळ्यांसमोर बोलायलाच हवी. नाझी चिन्हं दाखवणं आणि हात पुढे ताठ करून तो सलाम करणं हा जर्मनीत फौजदारी गुन्हा आहे. आपलं स्वस्तिक धार्मिक आहे, कायद्याचा रोख त्याच्यावर नाही, हे खरं. पण ट्रेनमध्ये समोर बसलेल्या आजोबांना तुमच्या बॅगेवरचं चिन्ह पूजेचं आहे हे कळायचा मार्ग नाही आणि लांबून त्यांना जे दिसतं ते अंगावर काटा आणणारं असतं. तेव्हा स्वस्तिकाचं लॉकेट कपड्यांच्या आत, लॅपटॉपवरचा स्टिकर काढून आणि ते छापलेली पिशवी घरी. सलामाची नक्कल तर गमतीतही नको. २०१७ मध्ये राइखस्टागसमोर असा फोटो काढणाऱ्या दोन चिनी पर्यटकांना पोलिसांनी ताब्यात घेतलं होतं. आपल्याकडे हिटलरचं नाव विनोदात सहज येतं, दुकानालाही दिलेलं आढळतं. तिथे तो विनोद कुणाला हसवत नाही.

विमानतळ ते हॉस्टेल

बर्लिनचा विमानतळ शहराच्या तिकीट-क्षेत्रांपैकी ‘सी’ क्षेत्रात येतो. म्हणून पहिल्या प्रवासाला एबीसी तिकीट लागतं. शहरात फिरायला पुढे एबी पुरतं. विमान फ्रँकफर्टला किंवा म्युनिकला बदलत असाल तर पासपोर्टची तपासणी तिथेच होते आणि तिथे रांग लागते, त्यामुळे दोन विमानांमध्ये भरपूर वेळ ठेवा. आखातातून येत असाल तर तपासणी बर्लिनलाच होते. परतीचं तिकीट, हॉस्टेलचं बुकिंग, विमा आणि कॉलेजचं पत्र यांच्या छापील प्रती प्रत्येकाकडे असाव्यात. सगळ्यांची कागदपत्रं सरांच्या एकाच फायलीत, हा बेत खिडकीपाशी कोसळतो, कारण सर शेजारच्या रांगेत असतात.

पोहोचल्या दिवशी काही पाहायचं नाही. आंघोळ, जेवण, झोप. या लेखातला ‘पहिला दिवस’ म्हणजे त्यानंतरची सकाळ.

सकाळ : तुकड्या आणि तिकीट

उन्हाळ्यात बर्लिन भारतापेक्षा साडेतीन तास मागे असतं, हिवाळ्यात साडेचार. याचा फायदा घ्या. पहाटे चार वाजता सगळे टक्क जागे असतात आणि संध्याकाळी सातला माना टाकतात. तेव्हा दिवस लवकर सुरू करा, लवकर संपवा. डिसेंबरात गेलात तर सूर्यच चारच्या आत मावळतो. जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो, पण त्या उजेडाच्या भरवशावर राहू नका. दिवस मोठा असला तरी पाय तेवढेच असतात.

गटाच्या पाच-पाच जणांच्या तुकड्या पाडा. पाचच का, तर शहरात पाच जणांपर्यंत चालणारं चोवीस तासांचं गट-तिकीट मिळतं. एक तुकडी, एक तिकीट, ते सांभाळणारा एक प्रमुख. मैत्रिणी-मैत्रिणींच्या तुकड्या पडू देऊ नका. सगळे बेफिकीर एकीकडे आणि सगळे काळजीवाले दुसरीकडे जमतात. मोजणीसुद्धा मग सोपी होते. सरांना पंचवीस डोकी मोजावी लागत नाहीत, पाच प्रमुखांनी ‘पूर्ण’ म्हटलं की झालं.

तिकिटाबद्दल इथे लोक हमखास फसतात. बर्लिनच्या स्थानकांवर आडवं येणारं फाटक नसतं. थेट प्लॅटफॉर्मवर जाता येतं, म्हणून कुणी विचारणारच नाही असं वाटतं. विचारतात. साध्या कपड्यातले तपासनीस डब्यात चढतात, दार बंद झाल्यावर ओळखपत्र काढतात, आणि तिकीट नसेल तर दंड ६० युरो. कागदी तिकीट नुसतं खिशात असून भागत नाही. प्रवास सुरू करण्याआधी ते प्लॅटफॉर्मवरच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर वेळेचा शिक्का मारून घ्यायचा. बस आणि ट्राममध्ये ही यंत्रं आत असतात. शिक्का नाही म्हणजे तिकीट नाही. ‘आम्ही नवीन आहोत, माहीत नव्हतं’ हे ते रोज ऐकतात. गट-तिकीट असलेल्या पाच जणांनी अर्थातच एकाच डब्यात चढायचं.

कुणी मागे राहिलं तर काय, हे निघण्यापूर्वीच सगळ्यांकडून वदवून घ्या. जो स्टेशनवर राहिला त्याने तिथून हलायचं नाही. जे पुढे गेले त्यांनी पुढच्या स्टेशनवर उतरायचं, त्यातल्या एकाने परत यायचं. दोन्हीकडच्यांनी एकमेकांना शोधायला धावणं हाच खरा घोटाळा. हॉस्टेलचा पत्ता प्रत्येकाच्या खिशात कागदावर लिहिलेला असू दे, मोबाइलची बॅटरी थंडीत लवकर उतरते. रुग्णवाहिकेसाठी ११२, पोलिसांसाठी ११०.

ट्रेनमध्ये आवाज बेताचा ठेवा. अंताक्षरी आपल्या एसटीला शोभते, तिथल्या सकाळच्या डब्यात पंचवीस जणांचा कोरस कुणी ऐकून घेत नाही. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहायचं, डावी बाजू चालणाऱ्यांची.

अलेक्झांडरप्लाट्झ

सकाळी नऊला जमायचं ते जागतिक घड्याळापाशी. १९६९ मध्ये बसवलेला हा दंडगोल, त्यावर जगातल्या शहरांची नावं आणि तिथली वेळ. बर्लिनचे लोकही भेटायला हीच खूण देतात, त्यामुळे ‘घड्याळापाशी’ म्हटलं की वाट विचारायला सोपं. दिवसभरात कुणी हरवलंच तर परत यायची जागा हीच ठरवा.

समोर टीव्हीचा मनोरा आहे, ३६८ मीटर उंच, तोही १९६९ चाच. पूर्व जर्मनीने आपली ताकद दाखवायला तो उभारला. गंमत म्हणजे ऊन पडलं की त्याच्या पोलादी गोळ्यावर क्रॉस चमकतो. धर्म न मानणाऱ्या सरकारच्या डोक्यावर आलेल्या या क्रॉसला लोकांनी ‘पोपचा सूड’ असं नाव दिलं. मनोऱ्यावर जायला तिकीट आहे आणि ते स्वस्त नाही. खालूनच पाहा. उंचावरून शहर बघायचं ते संध्याकाळी, फुकटात.

या चौकात एक धडा गिरवून घ्या. रस्ता ओलांडताना हिरवा दिवा होईपर्यंत थांबायचं, गाडी नसली तरी. टोपी घातलेला तो दिव्यातला माणूस पूर्व बर्लिनमध्ये १९६१ मध्ये कार्ल पेग्लाऊ यांनी आखला. एकीकरणानंतर तो जाणार होता, लोकांनी हट्टाने राखला. लाल दिव्यात रस्ता ओलांडलात तर पोलिसांच्या आधी शेजारची बाई रागावेल, विशेषतः तिच्यासोबत लहान मूल असेल तर. दुसरं, फुटपाथवरचा तांबूस पट्टा सायकलींचा आहे. फोटोसाठी मागे सरकत सरकत त्यावर जाणारा विद्यार्थी प्रत्येक गटात असतो. सायकलवाले वेगात असतात आणि त्यांना वाटतं की तुम्ही बाजूला होणारच.

चौकात कुणी कागदाची पाटी पुढे करून सही मागू लागलं तर मान हलवून पुढे चला. सही करेपर्यंत दुसरा कुणीतरी तुमच्या बॅगेत असतो.

नदीपलीकडे

लाल विटांचं नगरभवन डावीकडे ठेवून दहा मिनिटं चाललात की श्प्रे नदी लागते. पूल ओलांडला की बेट. इथे थांबायला अर्धा-पाऊण तास ठेवा.

डावीकडची भली मोठी इमारत म्हणजे हंबोल्ट फोरम हे सांस्कृतिक केंद्र. पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो जुना राजवाडा वाटतो. तो नाही. खरा राजवाडा युद्धात होरपळला, उरलेला पूर्व जर्मनीच्या सरकारने १९५० मध्ये सुरुंग लावून पाडला. त्या जागी १९७६ मध्ये त्यांनी आपलं लोकसभागृह बांधलं. एकीकरणानंतर तेही पाडलं आणि पुन्हा जुन्या राजवाड्याचं तोंड लावून ही नवी इमारत उभी केली. वास्तुविशारद फ्रँको स्टेला. नदीकडची बाजू मुद्दाम आधुनिक, सपाट ठेवली आहे. आधी ती बाजू दाखवा, मग फेरी मारून नक्षीची बाजू. पाडायचं काय, राखायचं काय आणि पुन्हा बांधायचं तर कुणाचं, यावर मुलांना इथेच वाद घालू द्या. वास्तुशास्त्राच्या वर्गात आठवडाभर शिकवून जे डोक्यात शिरत नाही ते या एका इमारतीभोवती फिरून शिरतं.

आणि याच इमारतीच्या बाहेर सांचीच्या पूर्व तोरणाची सुमारे दहा मीटर उंच दगडी प्रतिकृती उभी आहे, २०२२ पासून. १८६९ च्या सुमारास ब्रिटिशांनी सांचीला मूळ तोरणाचे साचे घेतले, त्यांवरून झालेल्या प्रतिकृती युरोपभर गेल्या, त्यातली एक बर्लिनला आली. आजच्या तोरणाची कहाणी तिथून सुरू होते. गटाचा फोटो काढायला यापेक्षा चांगली जागा या रस्त्यावर नाही.

पलीकडे पाच संग्रहालयं आहेत, हा सगळा समूहच १९९९ पासून जागतिक वारसा यादीत. आज बाहेरूनच. वास्तुविशारद शिंकेलचं १८३० चं आल्टेस म्युझियम त्याच्या अठरा खांबांच्या रांगेसकट हिरवळीवर बसून पाहता येतं. परगामॉन संग्रहालय ऑक्टोबर २०२३ पासून डागडुजीसाठी बंद आहे, त्यामुळे ते कार्यक्रमात लिहिण्याआधी उघडल्याची खात्री करा. इजिप्तची राणी नेफर्टिटीचा पुतळा नॉयेस म्युझियममध्ये, तो दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी. बरीच संग्रहालयं सोमवारी बंद असतात, हेही लक्षात असू द्या.

जेवण, पाणी आणि तो दुसरा प्रश्न

इथून हाकेशर मार्क्ट स्टेशनाच्या आसपास चालत जेवायला जाता येतं. शाकाहाऱ्यांनी घाबरू नये, बर्लिनसारखं सोपं शहर युरोपात क्वचितच. फलाफेल जागोजागी मिळतं, भाज्यांचा डोनर मिळतो, ‘वेगन’ हा शब्द सगळ्यांना कळतो. करीवुर्स्टच्या नावात करी असली तरी ते सॉसेज आहे. काही छोट्या दुकानांत कार्ड चालत नाही, तेव्हा तुकडीप्रमुखाकडे सुटे युरो हवेत.

नळाचं पाणी बिनधास्त प्या, बाटली भरून निघा. हॉटेलात मात्र पाणी फुकट येऊन टेबलावर पडत नाही, मागवलंत तर बिलात येतं. दुकानातून प्लॅस्टिकची बाटली घेतली की किमतीवर २५ सेंट अनामत लागते. बाटली सुपरमार्केटातल्या यंत्रात टाकली की ती परत मिळते. फेकून देऊ नका. टाकायचीच असेल तर कचरापेटीच्या शेजारी ठेवतात, वेचणाऱ्यांना ती उचलता येते.

स्वच्छतागृह बहुतेक ठिकाणी पैसे देऊन, अर्धा ते एक युरो. जेवलात तिथेच सगळ्यांनी जाऊन यायचं, ‘मला नाही लागली’ हे उत्तर स्वीकारू नये. आणि दिवस रविवारचा असेल तर दुकानं बंद असतात. खाण्यापिण्याच्या जागा उघड्या, मोठ्या स्टेशनांतली दुकानं उघडी, बाकी शटर खाली.

उंटर डेन लिंडेन

बेटाच्या दुसऱ्या बाजूच्या पुलापासून पश्चिमेला हा लिंडनच्या झाडांचा राजरस्ता सुरू होतो. इथे वेग कमी करा.

आधी उजवीकडे नॉये वाखे, शिंकेलची १८१८ ची छोटी चौकी. आत एकच दालन, मध्ये एकच शिल्प, मेलेल्या मुलाला कवेत घेतलेली आई. मूळ शिल्प केटे कोलवित्झ यांचं, स्वतःचा मुलगा पहिल्या महायुद्धात गमावलेल्या बाईचं. वर छताला गोल भोक आहे, पाऊस आणि बर्फ थेट त्या आईवर पडतो. तुकडी-तुकडीने आत जा. बाहेर उभं राहून समजावून सांगा, आत कुणी बोलू नये.

पुढे त्याच बाजूला हंबोल्ट विद्यापीठ. स्थापना १८१०. राममनोहर लोहिया आणि झाकीर हुसेन यांनी इथेच डॉक्टरेट केली आणि १९३० मध्ये आपल्या इरावती कर्वे यांनीही. त्यांचं काम चालायचं ते शहराच्या दुसऱ्या टोकाला, दालेममधल्या मानववंशशास्त्राच्या संस्थेत, ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली. फिशर वंशश्रेष्ठत्व मानणारे. कवट्यांच्या डाव्या-उजव्या बाजूंतला फरक वंशाशी जोडता येतो का, हे इरावतीबाईंनी मोजून पाहिलं आणि त्यांच्या मोजमापांतून तसं काही निघालं नाही. आपल्या मार्गदर्शकाला न रुचणारं उत्तर प्रबंधात लिहायचं, परक्या देशात, पंचविशीच्या आसपासच्या वयात. मराठी गटाने या दारापाशी पाच मिनिटं नुसतं उभं राहिलंच पाहिजे. प्रवेशाजवळ जमिनीत छोट्या पितळी पट्ट्या दिसतील. या विद्यापीठातल्या, नाझींनी बळी घेतलेल्या विद्यार्थ्यांच्या त्या स्मृती आहेत. त्यांवर पाय पडू देऊ नका, वाकून नावं वाचा.

आता रस्ता ओलांडून बेबेलप्लाट्झ. मोकळा चौक, मध्यभागी जमिनीत एक चौकोनी काच. खाली पाहिलं की पुस्तकांच्या पांढऱ्या, पूर्ण रिकाम्या फळ्या. सुमारे वीस हजार पुस्तकं मावतील एवढ्या. १० मे १९३३ ला नाझी विद्यार्थ्यांनी याच जागी पुस्तकांची होळी केली, आणि मिखा उल्मान यांनी १९९५ मध्ये तिचं हे स्मारक केलं. जाळणारे अडाणी नव्हते, समोरच्या विद्यापीठातलेही त्यात होते. एवढं सांगा आणि गप्प बसा. दुपारी काचेवर आभाळाचं प्रतिबिंब पडतं आणि आतलं नीट दिसत नाही. हातांची ओंजळ करून काचेवर सावली धरली की दिसतं.

गेट आणि शिळा

ब्रांडेनबुर्ग गेटपर्यंत आता सरळ चालायचं. १७९१ मध्ये पूर्ण झालेलं, लांगहान्स यांनी आखलेलं. वरचा चार घोड्यांचा रथ नेपोलियनने १८०६ मध्ये पॅरिसला नेला, १८१४ मध्ये तो परत आला. फोटो काढा, पण मग गेटमधून पलीकडे जाऊन खाली पाहा. डांबरात दगडांची दुहेरी ओळ दिसेल. भिंत इथून जात होती, १९६१ ते १९८९. एक पाय पूर्वेला, एक पश्चिमेला ठेवता येतो आणि मुलं तो ठेवतातच.

डावीकडे पाच मिनिटांवर ज्यूंच्या हत्याकांडाचं स्मारक आहे. पीटर आयझेनमन यांनी रचलेल्या २,७११ काँक्रीटच्या शिळा, २००५ मध्ये खुल्या झालेल्या. कडेच्या शिळा गुडघ्याएवढ्या, आत शिरलं की डोक्यावर जातात आणि जमीन लाटेसारखी खालीवर होते. इथे शिरण्याआधी गट थांबवून सांगा. शिळांवर चढायचं नाही, उड्या मारायच्या नाहीत, लपाछपी नाही, डबा उघडायचा नाही, पोज देऊन फोटो नाही. तिथे बाकी लोक हे सगळं करताना दिसतील, तरीही नाही. आत एकेकट्याने जायचं आणि पंधरा मिनिटांनी ठरलेल्या कोपऱ्यावर भेटायचं.

चेकपॉइंट चार्ली, म्हणजे पूर्व-पश्चिम बर्लिनमधली जुनी सीमाचौकी, कार्यक्रमात असेल तर खोडून टाका. तिथली चौकी नक्कल आहे आणि भोवती स्मरणिकांचा बाजार.

घुमट

नोंदणीच्या वेळेआधी वीस मिनिटं राइखस्टागच्या तपासणीपाशी पोहोचा. मूळ पासपोर्ट हवा, झेरॉक्स चालत नाही. बॅगा विमानतळासारख्या तपासतात, त्यामुळे पेन्सिल तासायचा खिशातला चाकू वगैरे हॉस्टेलवरच ठेवा. नॉर्मन फॉस्टर यांचा हा घुमट १९९९ चा. आत चक्राकार चढ आहे, ऑडिओ गाईड फुकट मिळतो आणि तुम्ही चढाल तसा आपोआप बोलत जातो. मधल्या आरशांच्या शंकूतून उजेड खालच्या सभागृहात उतरतो. खासदारांच्या डोक्यावर जनता चालते, अशी ती रचना आहे.

वर पोहोचलात की पूर्वेकडे तोंड करा. टीव्हीचा मनोरा दिसेल, सकाळी तुम्ही त्याच्या पायथ्याशी होतात. ही दुपारी उशिराची वेळ मागायची ती याचसाठी. मुलांना वही काढायला लावा आणि मनोऱ्यापासून गेटपर्यंत आज पाहिलेलं सगळं एका रेषेवर, आठवणीने मांडायला सांगा. मोबाइल न बघता. नंतर निबंध लिहून घेण्यापेक्षा हे पान कामाचं असतं.

परत येताना

बुंडेस्टाग स्टेशनातून यू-५ मेट्रो पकडा. ती आज चाललेल्या रस्त्याच्या खालूनच अलेक्झांडरप्लाट्झला जाते. वाटेत म्युझियम्सइन्झल स्टेशनवर मुद्दाम उतरा. २०२१ मध्ये उघडलेल्या या स्टेशनचं छत गडद निळं, हजारो दिव्यांच्या ताऱ्यांचं. शिंकेलने १८१६ मध्ये एका संगीतिकेसाठी रंगवलेल्या रंगमंचावरून मॅक्स डुडलर यांनी ते घेतलं. पुढची गाडी पकडून घड्याळापाशी शेवटची मोजणी.

जेवण सातच्या आत. नऊपर्यंत कुणालाही झोपू देऊ नका, नाहीतर मध्यरात्री दोनला कॉरिडॉरमध्ये गप्पांचा फड जमतो.

झोपण्याआधी प्रत्येक तुकडीप्रमुखाने तिकिटावरची शिक्क्याची वेळ पाहावी. सकाळी पावणेनऊला शिक्का मारला असेल तर ते उद्या पावणेनऊपर्यंत चालतं. तेव्हा उद्या आठलाच निघा आणि त्याच तिकिटावर नॉर्डबानहोफ स्टेशन गाठा. शहर दुभंगलेलं असताना पश्चिमेच्या गाड्या या बंद स्टेशनातून न थांबता जात, त्याचं प्रदर्शन स्टेशनातच आहे. बाहेर पडलात की समोर बेर्नाउअर रस्ता, जिथे भिंतीचा खरा तुकडा जागच्या जागी उभा आहे. नवीन तिकिटावर शिक्का मारायचा तो तिथून परतताना.